नाव कुणी ऐकलेलं नाही अशा कॉलेजातली नोकरी

अगं,

तुझी मेल वाचता वाचता चहा गार झाला. अमेरिकेतल्या छोट्या सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकवायची ऑफर आली, तेही या दिवसांत, म्हणजे आधी पेढे. मग बाबांचा प्रश्न, "हे कॉलेज कुठलं? कधी नाव नाही ऐकलं!"

बाबांवर चिडू नकोस. मी सत्तावीस वर्षं अशाच एका छोट्या सरकारी कॉलेजात शिकवलं आणि दर गणपतीला महाराष्ट्र मंडळात कुणी ना कुणी मला हेच विचारायचं. 'लिबरल आर्ट्स' म्हणजे खरं तर विज्ञान, भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं मिळून शिकवणं, पण ते नाव काढलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सायन्सला टक्के कमी पडलेला मुलगा येतो. मी तिथे केमिस्ट्री शिकवतो, हे दहादा सांगूनही पटत नसे. इथल्या आमदारांना त्याच दोन शब्दांतला फक्त 'लिबरल' ऐकू येतो, म्हणजे डाव्या विचारांचा, आणि तो नेमका बजेटच्या वेळी आठवतो.

खरी अडचण अशी की छोटं, सरकारी आणि लिबरल आर्ट्सचं कॉलेज हा प्रकारच कुणाला ओळखू येत नाही. लिबरल आर्ट्स म्हणजे विल्यम्स नाहीतर अ‍ॅमहर्स्ट, जुनं, खासगी, गडगंज. सरकारी म्हणजे फुटबॉलचं स्टेडियम असलेलं अवाढव्य विद्यापीठ. मिझूरीतलं ट्रूमन स्टेट, मिनेसोटातलं मॉरिस, मेरीलंडमधलं सेंट मेरीज कुठल्या खणात ठेवायचं? ट्रूमनचंच बघ. १८६७ साली शिक्षक घडवणारी शाळा म्हणून सुरुवात. १९८५ मध्ये राज्याने त्यांच्यावर लिबरल आर्ट्सचं काम सोपवलं. नाव मात्र 'नॉर्थईस्ट मिझूरी स्टेट' असं दिशादर्शक पाटीसारखं, म्हणून १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचं नाव लावलं. नाव भारदस्त झालं, पण अलीकडच्या वर्षांत तिथली विद्यार्थिसंख्या बरीच घसरली आहे. आमच्याकडेही नाव बदलण्यावर दोन वर्षं बैठका झाल्या. कॉफी उत्तम असायची.

पैशाचा भाग नीट समजून घे, कारण तिथे सगळे फसतात. खासगी कॉलेज वर्षाची फी साठ हजार डॉलर लावतं आणि नव्या विद्यार्थ्यांना त्यातली सरासरी निम्म्याहून जास्त 'स्कॉलरशिप' म्हणून सोडतं. आईवडिलांना वाटतं, आपल्या लेकाची हुशारी त्यांनी हेरली. लक्ष्मी रोडवर किंमत चढवून सेल लावतात ना, तोच प्रकार. सरकारी छोट्या कॉलेजाची फी मुळातच कमी, सोडायला हातात काही नाही. घरी प्रवेशाचं पत्र जातं ते साधं, स्कॉलरशिपशिवाय. एका पालकाने मला तोंडावर विचारलं होतं, "इतकं स्वस्त कसं काय?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्यात मोठी विद्यापीठं शहाणी झाली. त्यांनी पोटात हुशार मुलांसाठी वेगळी 'ऑनर्स कॉलेज' काढली. छोटे वर्ग, ओळखीचे प्राध्यापक, वर शनिवारची मॅच. आम्ही जे एकमेव म्हणून विकत होतो ते त्यांच्याकडे जोडीला फुकट. 'यू.एस. न्यूज' दरवर्षी काढतं त्या कॉलेजांच्या क्रमवारीचं तर विचारूच नकोस. तिच्यात कितीतरी वर्षं वीस-पंचवीस टक्के गुण दुसऱ्या कॉलेजांचे अध्यक्ष आणि प्रवेशप्रमुख तुमच्याबद्दल काय समजतात यावर मिळायचे. ज्यांनी तुमचं नाव ऐकलेलं नाही ते गुण कशाचे देणार?

आणि मुलंच कमी आहेत. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांवर बाळं जन्मली. मग मंदी आली आणि आकडा उतरत गेला, २०२३ मध्ये तो ३६ लाखांच्या आसपास होता. २००७ ची बाळं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे खरा उतार तू रुजू होशील तेव्हा सुरू होतो. मोठ्या विद्यापीठाचे दोनशे विद्यार्थी घटले तर कुणाला कळतही नाही. हजार मुलांच्या कॉलेजात दोनशे घटले तर आधी जर्मन बंद होतं, मग फिलॉसॉफी.

राजकारणाची झळही अशांनाच लवकर लागते. फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजात, तेही असंच छोटं सरकारी, २०२३ मध्ये गव्हर्नरने नवे विश्वस्त नेमले, अध्यक्षा गेल्या आणि बरेच प्राध्यापक निघून गेले. काहीशे मुलांचं कॉलेज, बचावाला उभे राहणारे माजी विद्यार्थी तरी किती असणार!

मग मी स्वतः एवढी वर्षं का राहिलो? माझ्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं स्वतः उपकरणं चालवायची. मोठ्या ठिकाणी त्यांना ती काचेपलीकडून दिसली असती. पण हे ब्रोशरमध्ये येत नाही. तिथे 'सर्वांगीण विकास' येतो आणि झाडाखाली हसणारी चार मुलं. मॉरिसला निदान सांगायला स्वतःचं काही आहे. ती जागा मुळात आदिवासी मुलांच्या निवासी शाळेची. १९०९ मध्ये ती राज्याला देताना केंद्राने अट घातली की नेटिव्ह अमेरिकन मुलांकडून फी घ्यायची नाही. आज तिथे साधारण तिसरा हिस्सा विद्यार्थी नेटिव्ह आहेत. विद्यार्थी तिथेही घटलेत, पण आपण कुणासाठी आहोत हे त्यांना शोधावं लागत नाही.

तेव्हा सही करण्याआधी डीनना फोन कर. गेल्या पाच वर्षांत पहिल्या वर्षाला किती मुलं आली ते आकड्यात माग, 'स्थिर आहे' यावर भागवू नकोस. तुझ्या विभागातून निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या की गोठवल्या ते विचार. आणि जवळच्या तीन हायस्कुलांची नावं सांगा म्हणावं, जिथून मुलं दरवर्षी येतात. नावं पटापट आली तर मला बरं वाटेल. 'आम्ही देशभरातून विद्यार्थी आकर्षित करतो' असं ऐकलंस, तर त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, सरांच्या कॉलेजचं नावही तुम्ही ऐकलेलं नाही.

तुझे,
सर