इतिहास आणि संस्कृती यांमुळे माणसाचे निसर्गाशी असलेले नाते कसे घडते?

निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी समाजागणिक बदलते आणि ती बहुधा मालकी व सत्तेच्या इतिहासातून घडते. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा निर्मनुष्य निसर्ग हाच खरा निसर्ग मानला गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणाऱ्या मूलनिवासी जमातींना पुढील काही वर्षांत त्या भूमीतून दूर सारण्यात आले. (ते अरण्य निर्मनुष्य नव्हतेच, ते तसे करण्यात आले.) याउलट न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीला आपली पूर्वज मानणाऱ्या माओरी या तेथील मूलनिवासी लोकांच्या शतकाहून दीर्घ लढ्यानंतर, २०१७ मध्ये संसदेने त्या नदीला कायदेशीर व्यक्तित्व, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीसारखे हक्क, दिले. केवळ श्रद्धेमुळे हे घडले असे मात्र मला वाटत नाही. त्या श्रद्धेला ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातील १८४० च्या वायतांगी कराराचा आधार होता.