भरल्या ताटावरून न उठता

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या डिझाइनचे काम बावीस वर्षे केले, त्यांपैकी गेली सहा वर्षे विभागप्रमुख म्हणून. वय ४६, मुलगी बारावीत, घराचे कर्ज जवळजवळ फिटलेले, आणि तक्रार करावी असे काहीही नाही, असे आपण लिहिले आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या एका नव्या क्लचचे पेटंट घेताना आपण पेटंट एजंटांसमोर, म्हणजे पेटंटचे अर्ज लिहून दाखल करणाऱ्यांसमोर, तीन दिवस बसून ती रचना उलगडून सांगितली आणि इतक्या मनापासून केलेले काम अलीकडच्या वर्षांत आठवत नाही, असे आपल्याला जाणवले. आता राजीनामा देऊन याच कामाकडे वळण्यासाठी कायद्याची पदवी घ्यावी, असे आपल्या मनात आहे, तर वडील म्हणतात की भरल्या ताटावरून उठू नये.

वडिलांची काळजी रास्त आहे, पण ताटावरून उठावेच लागेल हे आपण दोघांनीही गृहीत धरले आहे आणि तिथेच खरी चूक आहे. पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम १२६ नुसार अर्जदार भारतीय नागरिक असावा, त्याची वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत, त्याच्याकडे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असावी आणि त्याने पेटंट एजंटची परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी. आपली मेकॅनिकलची पदवी तेथे पुरेशी आहे. परीक्षेत दोन लेखी पेपर आणि मुलाखत असते, प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के गुण मिळवावे लागतात. ती दरवर्षी ठरावीक महिन्यात होतेच असे नाही, म्हणून जाहिरात निघाल्यावर अभ्यासाला बसू असे म्हणणाऱ्यांची संधी बहुधा हुकते.

याउलट वकिलीचा मार्ग आपल्यासाठी आज महागात पडेल. सीईटी देऊन तीन वर्षांचा अभ्यासक्रम नियमित हजेरीने पूर्ण करायचा, नंतर बार परीक्षा द्यायची, आणि सनद घेतल्यावर वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. पेटंटच्या दाव्यांसाठी न्यायालयात उभे राहायचे असेल तर हे सारे करावेच लागेल. परंतु आपल्या पत्रातला आनंद न्यायालयाचा नाही, रचना शब्दांत पकडण्याचा आहे, आणि ते काम एजंटच करतो.

या वयात यशस्वी माणसासमोरची खरी अडचण पैशाची नसते, असे मला अनेक वर्षांच्या अनुभवावरून वाटते. विभागप्रमुखाला सतत उत्तरे देण्याची सवय झालेली असते. उद्या आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली एखादी एजंट आपल्या मसुद्यावर लाल रेघा मारेल, सोळा शब्दांचे वाक्य चौथ्यांदा लिहायला लावेल, आणि बावीस वर्षांच्या अनुभवाची त्या क्षणी तिला काडीचीही गरज नसेल. ते आपल्याला सोसेल का, याचे उत्तर राजीनाम्यापूर्वी मिळायला हवे, कारण राजीनाम्यानंतर मिळालेल्या उत्तराची किंमत घरालाही मोजावी लागते.

डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण अशा वेळी नेहमी दिले जाते, पण बहुधा अर्धेच. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, वैद्यकी सोडून पूर्णवेळ अभिनय स्वीकारला, एवढेच आपण ऐकतो. त्याआधी कित्येक वर्षे ते पुण्यातल्या हौशी रंगभूमीवर काम करत होते, हे सांगायचे राहून जाते. ज्या दिवशी त्यांनी व्यवसाय बदलला, त्या दिवशी ते रंगभूमीला नवखे नव्हते. आणि डॉ. मोहन आगाशे यांनी तर मानसोपचार आणि अभिनय ही दोन्ही कामे बरोबरीने केली, म्हणजे सोडणे हाच एकमेव मार्ग असतो असेही नाही.

आपली हौशी रंगभूमी आपल्या संगणकावर आहे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. क्लच किंवा गिअरबॉक्समधला एक अर्ज निवडा, त्याचे वर्णन आणि आकृत्या वाचा, पण क्लेम, म्हणजे शोधाच्या नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्ये, झाकून ठेवा. मग स्वतः क्लेम लिहा आणि मूळ क्लेमशी ताडून पाहा. पहिल्या खेपेस आपण रचनेचे सगळे तपशील लिहाल, कारण अभियंत्याला काही वगळवत नाही. क्लेम लिहिणाऱ्याचे कसब नेमके त्याच्या उलट असते. तपशील जितके जास्त, तितके संरक्षण अरुंद, आणि स्पर्धकाने एक बोल्ट वगळला तरी तो निसटतो. ही जाण हाताला यायला वेळ लागतो. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य आहे. तो याच्या जोडीने करावा.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. आपल्या नेमणूकपत्रातील गोपनीयतेची आणि बाहेरच्या कामाविषयीची कलमे आजच वाचा. सरावासाठी कंपनीची कोणतीही अप्रसिद्ध रचना वापरू नका, आणि नोकरीत असताना बाहेरच्या कोणाचा मसुदा घेण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या. या व्यवसायात माणसाची पत गुपिते राखण्यावरच उभी असते. शिवाय आपल्याच कंपनीत पेटंटचे काम पाहणारी जबाबदारी मागता येईल का, हेही वरिष्ठांशी बोलून पाहावे. हुद्दा थोडा बाजूला सरकेल, पगार कदाचित तसाच राहील.

मुलीची बारावी होईपर्यंत राजीनाम्याचा विषय घरात काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर रविवारी सकाळी दोन तास, महिन्याला दोन अर्ज, एवढे पुरे. दहा अर्जांचे क्लेम लिहून झाले की पहिला आणि दहावा मला पाठवा, आणि त्यांतला कोणता लिहिताना वेळेचे भान राहिले नाही तेही कळवा.