स्टुडिओच्या पीसीवर गाणं ठेवतोयस? थांब जरा

अरे मित्रा, सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत माझी अख्खी चाल गेली, डेस्कटॉपवर ‘फायनल_नवीन_२’ फोल्डर तसंच ठेवून मी खाली कटिंग चहा मारायला गेलो आणि १५ दिवसांनी तीच चाल दुसऱ्याच्या जिंगलमध्ये!! तेव्हा सेशन संपलं की प्रोजेक्ट, स्टेम्स (म्हणजे प्रत्येक वाद्याचे, आवाजाचे सुटे ट्रॅक) सगळं स्वतःच्या एसएसडी ड्राइव्हवर घे, उघडून बघ, मगच तिथलं उडव, रिसायकल बिन पण रिकामं कर, ऑटोसेव्हचं फोल्डर वेगळंच असतं ते हमखास राहतं. जीमेल लॉगआउट. रेकॉर्डिंगला जायच्या आधी डेमो स्वतःलाच मेल कर, तारीख पडते, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीये पण भांडण झालं तर पुरावा लागतोच, माझ्याकडे नेमका तोच नव्हता.