गणित सेकंड इयरपर्यंतच होतं, एमएस्सी मॅथ्स झेपेल का?

बीएस्सीचे रिझल्ट लागले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही. मी समुपदेशनात यायच्या आधी कॉलेजात गणितच शिकवायचे, त्यामुळे असा कुणी आला की घड्याळाकडे बघतच नाही.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. अमळनेरकडची मुलगी, बीएस्सी फिजिक्स, गणित सेकंड इयरनंतर सुटलेलं, आणि आता एमएस्सी मॅथ्सच करायचं म्हणून हटून बसलेली. वडील सोबत आलेले, कापसाची शेती. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "म्याडम, पोर हुशार शे, पन हाई गणितनं येड कसाले लागनं तिले?" त्यांचं म्हणणं सरळ होतं, बीएड करावं आणि नोकरीला लागावं.

तिने दोन एन्ट्रन्सचे सिलॅबस प्रिंट करून आणले होते आणि जे येत नाही त्यावर पिवळा हायलायटर मारला होता, पानं जवळजवळ पिवळीच झाली होती. मोबाईलमध्ये पीडीएफचा ढीग. म्हणाली, मॅडम, आठ महिने आहेत, सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये, रात्री झोप लागत नाही.

मी ते कागद बाजूला ठेवले आणि वही मागितली. वही इतकी सुंदर की काय सांगू, थिअरम लाल चौकटीत, प्रूफ निळ्या पेनने, एकही खाडाखोड नाही. सगळं उतरवलेलं! मग मी तिला एक वाक्य दिलं, "गावातल्या प्रत्येक विहिरीला पाणी आहे," हे खोटं आहे असं म्हणायचं तर काय म्हणशील? ती पटकन म्हणाली, एकाही विहिरीला पाणी नाही. म्हटलं, पाच विहिरींपैकी चार भरलेल्या आणि एक कोरडी असेल तर माझं वाक्य खरं का? ती थांबली, बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाली, नाही... एक कोरडी निघाली तरी पुरे.

तिचं इंटिग्रेशन माझ्यापेक्षा फास्ट होतं, फिजिक्सवाल्यांचा कॅलक्युलसवर हात बसलेलाच असतो. अडत होतं ते "प्रत्येक" आणि "एक तरी" या शब्दांपाशी, आणि एमएस्सीचं अर्धं ॲनालिसिस, म्हणजे कॅलक्युलसची काटेकोर बाजू, याच दोन शब्दांवर उभं आहे. प्रत्येक कुलपाला एक किल्ली असणं वेगळं आणि एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागणं वेगळं, कंटिन्युइटी (फंक्शन कुठेही न तुटणं) आणि युनिफॉर्म कंटिन्युइटीत फरक तेवढाच. तिला तिथेच एक्सच्या वर्गावर, म्हणजे एक्स गुणिले एक्सवर, करून बघायला लावलं, एप्सिलॉन, म्हणजे उत्तरात चालणारा फरक, ०.१ धरला तर एक्स १ असताना डेल्टा, म्हणजे एक्स किती हलवायचा ते, ०.०३ चालतो, पण एक्स १०० असताना तोच ०.०३ घेतला तर वर्गात सहाचा फरक पडतो, तिथे ०.०००४ इतकं बारीक जावं लागतं, आणि पुढे अजून बारीक. सगळीकडे चालेल असा एक डेल्टा सापडतच नाही. तिने ते कॅल्क्युलेटरवर तीनदा तपासलं.

मग प्लॅन ठरला. आधी ज्या ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्याची पात्रतेची अट वाच, कारण काही ठिकाणी गणित तिन्ही वर्षं लागतं, काही ठिकाणी दोन वर्षं चालतं, आणि हे न बघता सहा महिने घासलेली मुलं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं. पहिले दोन महिने फक्त लॉजिक, सेट, फंक्शन, इंडक्शन आणि प्रूफ लिहिणं. मग रिअल ॲनालिसिस सिक्वेन्सपासून सावकाश, जोडीला लिनियर ॲल्जिब्रा, पण मॅट्रिक्सची आकडेमोड सोडून व्हेक्टर स्पेसवाला, शेवटी ग्रुप थिअरी, तीही चौरसाच्या आठ सिमेट्री हाताने मांडून. टॉपॉलॉजी, मेजर थिअरी हे सगळं सोडून दे म्हटलं, ते एमएस्सीत शिकवतातच. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन, लेक्चर्स फुकट आहेत, ती बघ, पण हातात पेन पाहिजे. आणि रोज एक प्रूफ वाचायचं, पुस्तक मिटायचं, स्वतः लिहायचं, अडलं तिथे खूण करायची, कितीही खाडाखोड झाली तरी पान फाडायचं नाही.

वडिलांना मी खोटी आशा दाखवली नाही. एमएस्सीनंतर कॉलेजात शिकवायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, जागा कमी निघतात, बीएडचा रस्ता तेव्हाही उघडाच राहतो, हे सगळं सांगितलं. आणि सहज बोलता बोलता चाळीसगावजवळच्या पाटणचा विषय निघाला. पाटणादेवीला ते किती वेळा जाऊन आलेले, पण तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचं लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. काही बोलले नाहीत, पण जाताना पोरीची बॅग त्यांनीच उचलली.

नोव्हेंबरात कापूस वेचायला मजूर मिळेना, ती तीन आठवडे शेतात, आणि मग रडत फोन, मॅडम सगळं विसरले. मी म्हटलं, रूट टू इरॅशनल आहे, म्हणजे अपूर्णांकात मांडता येत नाही, याचं प्रूफ काही न बघता आत्ता लिही आणि फोटो पाठव. पंधरा मिनिटांत आला, बरोबर होता. मग तिथूनच परत सुरू केलं.

तिला ॲडमिशन मिळाली. पहिल्या टेस्टला मार्क कमी पडले, ती घाबरली, पण या वेळी तिने सरांना भर वर्गात शंका विचारली होती म्हणे. मागच्या रविवारी वहीचा फोटो आला, दोन प्रूफ पूर्ण खोडलेली, तिसरं क्लोज्ड इंटर्व्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड, म्हणजे मर्यादेत, राहतं याचं, त्याच्या खाली लिहिलंय, "क्लोज्ड इंटर्व्हल का लागतो ते कळलं, ओपन घेतला तर शून्याजवळ १/एक्स वर पळून जातो, बाउंडेड राहतच नाही." वडील मात्र अजून दर फोनला बीएडचं विचारतात.