आजोबांचा जुना गोदरेज फ्रिज दुरुस्त करून परवडेल का, की त्याचं पुस्तकांचं कपाट करून घेऊ?

कपाट करू नका. आजोबांनी १९६२ साली घेतलेला फ्रिज बंद पडलाय, मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेलाय, आणि इंटिरियरवाला आतलं सगळं काढून फळ्या बसवून द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ मध्ये काढला. म्हणजे तुमच्याकडे आहे तो त्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला. त्याच्या आत फळ्या कसल्या बसवता?

माझ्या मावशीच्या फ्रिजचं नेमकं हेच झालं. मावसभावाने परस्पर कारागीर बोलावला, त्याने पक्कडीने तांब्याची नळी कापली, गॅस फुस्स करून गेला, कॉम्प्रेसर भंगारवाल्याने वजनावर नेला. आता तो दिवाणखान्यात उभा आहे, आत दिव्यांची माळ आणि बाटल्या. भाऊ सगळ्यांना सांगतो, "ताई उगाच चिडते, मी तर जुनी वस्तू वाचवली." त्याने पत्रा वाचवला. फ्रिज गेला.

त्यानंतर मी हट्टाने तसाच एक शोधून काढला. वाईला एका डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात होता. इंजेक्शनं ठेवायला घेतलेला, नंतर नुसता माळ्यावरचं सामान ठेवायला. मेकॅनिक आला, प्लग लावला, कॉम्प्रेसरने घूं केलं, दोन-तीन सेकंदांत ट्रिप झाला. लगेच निदान: "मॅडम, कॉम्प्रेसर गेला, नवीन टाकू." झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. तुमच्याही मेकॅनिकने उघडून पाहिलंय का, ते आधी विचारा. प्लग काढून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर मल्टिमीटर लावायचा. कुठल्याही दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स आला पाहिजे, आणि सगळ्यांत मोठा आकडा हा बाकीच्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका असला पाहिजे. पिन आणि बॉडी यांच्यात मात्र काहीच येता कामा नये. माझ्या फ्रिजचं वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारांची गुंडाळी, शाबूत होतं. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा रिले उघडला तर कॉन्टॅक्ट काळे ठिक्कर पडलेले. रिले आणि ओव्हरलोड (जास्त करंट गेला की बंद करणारा स्विच) बदलला, कॉम्प्रेसर चालू झाला. थोड्या वेळाने फ्रीझरच्या डब्यावर हात ठेवला. एका कोपऱ्यातच बर्फाची साय धरली असती तर गॅस कमी आहे असं समजले असते. इथे सगळ्या डब्यावर सारखी साय होती. इतक्या वर्षांनी मूळ गॅस जागच्या जागी. नळीला कोणी हात लावला नव्हता म्हणून.

खरं काम त्यानंतरचं. चालू केल्यावर बाहेरच्या पत्र्याला घाम फुटायचा. त्या काळच्या फ्रिजच्या भिंतीत हल्लीसारखा फोम नसायचा, ग्लासवूल असायची. ती ओली झाली की थंडावा धरत नाही आणि पत्रा आतून गंजतो. ती बदलायची म्हणजे लायनर, म्हणजे फ्रिजची आतली पेटी, बाहेर काढायचा, आणि त्यासाठी दाराच्या कडेने लायनर व बाहेरचा पत्रा यांच्या फटीवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढायच्या. नव्वद टक्के लोक त्या पट्ट्यांवर स्क्रू-ड्रायव्हर घालतात आणि तोडतात. जुनं प्लॅस्टिक गार असताना काचेसारखं तडकतं. गरम पाण्यात पिळलेला पंचा पट्टीवर धरायचा, ती नरम पडली की एका टोकापासून बोटांनी उचलत जायचं. कोपऱ्यांशी अजिबात घाई नको. माझ्या चारही पट्ट्या अखंड निघाल्या. मग डबा आणि कॉम्प्रेसर जोडणारी नळी न वाकवता लायनर सरकवायचा. त्याला दोन माणसं लागतात, एकाने फक्त नळी सांभाळायची. तिच्यासोबतची कॅपिलरी, म्हणजे अगदी बारीक नळी, मोडली की खेळ संपला. हातमोजे आणि मास्क घालून जुनी ग्लासवूल काढली, गंज घासून प्रायमर मारला, नवी भरली.

दाराचं रबर तयार मिळत नाही. त्या वेळचं रबर चुंबकाचं नसायचं. दार खटकीने आवळलं जायचं आणि पोकळ रबर दबायचं. फुटावर मिळणारं पोकळ रबर आणून, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून चिकटवलं. दारात दहाची नोट धरून ओढून बघा, अलगद निघाली तर तिथून गारवा जातोय.

रंगाचे चार थर होते, सगळ्यांत वर ऑइलपेंट. हँडलची प्लेट काढली तेव्हा तिच्याखाली बोटभर जागेत मूळ रंग सापडला, फिकट सायीसारखा, पूर्ण तकाकीसकट. गाड्यांना ड्युको मारणाऱ्या पेंटरकडे ती प्लेटची जागाच दाखवायला फ्रिज नेला आणि त्याने तोच रंग जुळवून दिला. लाल, फिरोजी करून 'रेट्रो' करणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्याकडे हे फ्रिज बहुतेक पांढरे, सायीच्या रंगाचे असत, तसेच ठेवा.

आता भावाचा लाडका मुद्दा: जुना फ्रिज पर्यावरणाला वाईट. वीज नव्यापेक्षा जास्त लागते, मान्य. पण त्याने कापायला लावलेल्या नळीत आर-१२ होता. हा ओझोनचा थर खाणारा गॅस आहे, आणि उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून भारी पडतो. हवेत गेला की साधारण शंभर वर्षं राहतो. असे ओझोन खाणारे गॅस बंद करायलाच मॉन्ट्रियल करार झाला. जोवर तो नळीत बंद आहे तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. भावाने दिवाणखाना सजवायला तो एका मिनिटात सोडून दिला, आणि वर मला पर्यावरण शिकवतो.

म्हणून तुमच्या फ्रिजची नळी कोणालाही कापू देऊ नका. गॅस खरंच गेला असेल तर गोष्ट वेगळी. आर-१२ आता मिळत नाही. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए जुन्या कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळत नाही, तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर बसतो. बरेच जण हायड्रोकार्बन मिश्रण भरतात. ते त्या तेलाला चालतं, पण तो गॅस पेट घेतो, आणि जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट व दिव्याचा स्विच आतच ठिणगी टाकतात. ते बाहेर घेतल्याशिवाय किंवा सीलबंद बसवल्याशिवाय भरू देऊ नका.

परवडेल का, हे राहिलं. बिघाड रिलेचाच निघाला तर किरकोळ खर्च. ग्लासवूल, रबर, रंग सगळं केलंत तर साध्या नव्या सिंगल डोअर फ्रिजइतके पैसे सहज जातील, शिवाय पाच-सहा महिने. मी माझा रोज वापरते, पण दूध-भाजी-पाणी एवढ्यासाठीच.

आणि दोन गोष्टी चालू करण्याआधी. आतल्या वायरींचं जुनं रबर तडकलेलं असतं. त्या बदला आणि अर्थिंग नीट करून घ्या, नाहीतर पत्र्याला हात लावताच शॉक बसेल. दुसरं, खटकीचं दार आतून उघडत नाही. जुन्या फ्रिजमध्ये लहान मुलं अडकून गुदमरायची, त्यापायी अमेरिकेला १९५६ मध्ये आतून उघडणाऱ्या दारांचा कायदा करावा लागला. घरात मुलं असतील तर दुरुस्ती होईपर्यंत खटकीची जीभ काढून ठेवा, किंवा फ्रिज दार भिंतीकडे करून उभा करा.