अर्धी नर, अर्धी मादी: या माशीला ‘उभयलिंगी’ म्हणावं का?

फोंड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्या पनामात सापडलेल्या, मधमाशीच्या नात्यातल्या एका माशीची माहिती मराठीत लिहीत आहेत. माशीचं अर्धं अंग नराचं, अर्धं मादीचं. इंग्रजीत अशा जिवाला ‘गायनॅन्ड्रोमॉर्फ’ म्हणतात. सहकाऱ्यांनी ‘उभयलिंगी’ सुचवलं, मुलांनी ‘अर्धनारीनटेश्वर’, आणि एका मुलानं तर म्हार्दोळच्या म्हाळसेचा दाखला दिला. यातलं काय चालेल, आणि पुढच्या वाक्यात ‘तो’ लिहायचं की ‘ती’, असं त्या विचारतात.

‘उभयलिंगी’ नको. शाळेच्या पुस्तकात हा शब्द गांडुळासाठी येतो आणि तिथे तो चपखल बसतो. प्रत्येक गांडुळात नराची आणि मादीची, दोन्ही जननेंद्रियं असतात, ती कामही करतात, आणि त्या जातीत सगळेच तसे असतात. म्हणजे ती त्या प्राण्याची रीतच आहे. मधमाशीत अशी रीत नाही. तिथे नर वेगळा, मादी वेगळी, आणि क्वचित एखाद्या अंड्यात घोटाळा होऊन एकाच अंगावर दोघांचे भाग उमटतात. शिवाय ‘उभयलिंगी’ हा शब्द आता वर्तमानपत्रांत माणसाच्या लैंगिक कलासाठीही वापरला जातो. एकाच शब्दावर किती ओझं लादायचं?

जर्मनांनीही हेच केलं होतं, म्हणून आपल्या मास्तरांना फार बोल लावू नये. कॉन्स्टान्स इथल्या ऑयग्स्टर नावाच्या मधपाळाच्या पेटीत अशा माश्या निघायच्या. झीबोल्ट या प्राणिशास्त्रज्ञानं 1864मध्ये त्यांच्यावर लिहिलं, आणि ‘त्स्विटर’, म्हणजे सरळ उभयलिंगी, असंच नाव वापरलं. पुढे 1915मध्ये थिओडोर बोवेरी या जीवशास्त्रज्ञानं त्यांची उपपत्ती मांडली, तरी त्याच्याही मथळ्यात तोच शब्द राहिला. एकदा चिकटलेलं नाव सुटता सुटत नाही.

आता मूळ भानगड. ती कळल्याशिवाय शब्द ठरवता येणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मधमाशीत फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो आणि फलित अंड्यातून मादी, मग ती कामकरी असो वा राणी. मादीच्या पेशीत 32 गुणसूत्रं, नराच्या पेशीत 16. यान झेरझोन या सायलेशियातल्या पाद्र्यानं नर बिनबापाचे असतात हे 1845मध्ये मांडलं, तेव्हा लोकांना ते पटायला बरीच वर्षं गेली. नराला बाप नसतो, पण आजोबा असतो, कारण त्याची आई राणी, आणि राणीला बाप असतोच.

राणी उडत असताना अनेक नरांशी समागम करते, आणि अंड्यात कधी कधी एकाहून जास्त शुक्रपेशी शिरतात. एक अंड्याच्या केंद्रकाशी जुळते, उरलेल्या एरवी मरून जातात. क्वचित एखादी मरत नाही. ती आपल्या परीनं विभागत राहते आणि तिच्यातून 16 गुणसूत्रांच्या, म्हणजे नराच्या, पेशी तयार होतात. मग माशीच्या अंगाचा मादीचा भाग आई-बापाचा, आणि नराचा भाग एकट्या दुसऱ्याच बापाचा. साध्या नराला बाप नसतो, आणि इथे नराच्या भागाला आईच नाही! सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018मध्ये अशा मधमाश्यांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांत एक तर अशी निघाली की तिला दोन बाप होते आणि आई नव्हतीच.

किड्यांत प्रत्येक पेशी आपलं नर-मादीपण स्वतः ठरवते, अंगभर फिरणाऱ्या संप्रेरकाच्या हुकमाची वाट बघत नाही. म्हणून सीमा ठळक दिसते. भिंग घेऊन बघितलं तर एका बाजूचा डोळा नराचा, फुगीर, पार डोक्याच्या माथ्यापर्यंत गेलेला, तर दुसऱ्या बाजूला कामकरणीचा लहानसा डोळा. एका मिशीला 13 पेरं, दुसरीला 12. एका मागच्या पायाला परागाची टोपली, दुसरा सपाट. नांगी असलीच तर ती मादीच्या वाट्याची, कारण नांगी हा मुळात अंडी घालण्याचा अवयव. कुठलीही एक पेशी अर्धी-अर्धी नसते, ती नराची तरी असते नाहीतर मादीची. ‘उभय’ शब्द इथेच लंगडा पडतो. ‘संकर’, ‘मिश्र’ हेही त्याच कारणानं बाद. ‘तृतीयपंथी’ची तर गोष्टच नको, तो माणसांच्या समाजातला शब्द आहे, तिथेच असू द्या.

मुलांचा ‘अर्धनारीनटेश्वर’ मला आवडला. पण अशा बहुतेक मधमाश्यांत अंग असं मधोमध वाटलेलं नसतं. गोधडीसारखे तुकडे असतात, डोकं नराचं आणि पोट कामकरणीचं असंही होतं. पनामाची माशी मात्र खरोखर उभी दुभंगलेली होती, म्हणून तिच्यापुरता शब्द शोभला असता. गंमत म्हणजे तिथेही तो उलटा पडतो. मूर्तीत उजवं अंग शिवाचं, डावं पार्वतीचं. पत्नीला वामांगी म्हणायचं ते उगीच नाही. या माशीची डावी बाजू नराची, बारीक जबड्याची, आणि उजवी मादीची, दणकट जबड्याची आणि मागच्या पायाला दाट केसांची.

म्हाळसेचा दाखला देणारा मुलगा हुशार आहे, पण तो दाखला इथे लागू नाही. म्हार्दोळची देवी म्हणजे विष्णूचं मोहिनीरूप. तिथे देव पूर्णपणे स्त्रीरूप घेतो. अंगावरचं जानवं तेवढं मूळची खूण म्हणून राहिलं. दोन रूपं शेजारी शेजारी नांदत नाहीत.

मग काय लिहावं? ‘गायनॅन्ड्रोमॉर्फ’ हा मूळ ग्रीक शब्द फोडला तर बाई, पुरुष आणि रूप असे तीन तुकडे निघतात. संस्कृतात यातली जोडी तयारच आहे. ‘स्त्रीपुंस’ हा समास खुद्द पाणिनीनं खास नोंदवून ठेवलेला. त्याला ‘रूपी’ जोडून ‘स्त्रीपुंसरूपी’ करता येतं. शब्द भारदस्त आहे, कोशात शोभेल. पण पाचवीतल्या मुलानं भित्तिपत्रकाजवळ उभं राहून तो मोठ्यानं वाचायचा आहे, आणि किडा-मुंगीला आपण स्त्री-पुरुष म्हणत नाही, नर-मादी म्हणतो. म्हणून माझं मत ‘नरमादीरूपी’ला. सुतार नि प्लंबर ‘नर-मादी’ जोड म्हणतात त्याची आठवण कुणाला होईल, होऊ दे.

बाईंनी मसुद्यात ‘मधमाशी’ लिहिलंय, तेही बदलावं लागेल. पनामाची ती माशी, मेगालोप्टा अमोएना, मधमाश्यांच्या नात्यातली आहे, पण पोळं बांधून मध साठवणारी नव्हे. ती अंधुक उजेडात फुलांवर जाते. नुसतं ‘माशी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला घरातली माशी दिसेल. तेव्हा ‘मधमाशीच्या नात्यातली निशाचर माशी’ असं एकदा लिहून पुढे ‘माशी’ म्हणा.

‘तो’ की ‘ती’? ती. व्याकरणातलं लिंग शब्दाला असतं, प्राण्याला नव्हे. ‘नर माशी उडाली’ असं आपण बिनदिक्कत म्हणतोच. आणि गोव्यात तरी हे वेगळं सांगायला नको. घरात कोंकणीत आपण चांगल्या चालत्या-बोलत्या मुलीला ‘तें आयलें’ म्हणतो, आणि त्यावरून तिला कुणी नपुंसक समजत नाही.

मथळा असा घ्यावा: ‘पनामाची नरमादीरूपी माशी’. खाली पहिलं वाक्य: ‘हिची डावी बाजू नराची आणि उजवी मादीची आहे.’ ‘उभयलिंगी’ गांडुळाच्या तक्त्यावर आहे तिथेच राहू द्या.