रंग येतोय ना, आता चेहरा काढायला बस की

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलापूरला अक्कलकोट रोडला राहते, वय 20. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्यात, वॉटरकलर बऱ्यापैकी येतो, सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला तर कितीवेळा केलाय मोजला नाही. पण क्लासचे सर म्हणतात रोज एक चेहरा पेन्सिलने काढ. मला चेहरे जमत नाहीत आणि मला लँडस्केपच करायचंय, मग त्यात वेळ कशाला घालवू? शिवाय घरात सगळे कामात, समोर बसणार कोण?

उत्तर : सरांचं ऐक. का ते सांगतो, कारण मी पण तुझ्यासारखाच किल्ल्यासमोर पॅड घेऊन बसायचो, चार वर्षं नुसते रंग, आणि माझा बुरूज कायम पुठ्ठ्याचा कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसायचा. रंग बदलून बघितले, कागद बदलला, काही उपयोग नाही. मग एका सरांनी सहा महिने रंगपेटी बंद करायला लावली नि चारकोल, म्हणजे चित्राचा कोळसा, हातात दिला, चेहरेच काढ म्हणाले. गालाकडे बघायला शिकलो तेव्हा कळलं की बुरूज म्हणजे गालच आहे. उजेडाची बाजू, मग हळूहळू उतरत जाणारा मधला टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या मधली पायरी, मग सगळ्यात गडद पट्टा, आणि त्या गडदाच्या पलीकडे कडेला परत थोडा उजेड. पांढरा शर्ट घातलेल्या माणसाच्या जबड्याखाली बघ, शर्टावरनं उलटलेला उजेड दिसेल. तसाच तलावाच्या पाण्यावरनं बुरुजाच्या खालच्या दगडावर येतो. मी तिथं चार वर्षं सरळ काळा मारत होतो.

रंग चांगला लागला की माणूस खूश होतो नि टोन चुकलाय हे दिसतच नाही. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात लपायला जागा नसते. आणि झाड तू दोन बोटं डावीकडे काढलंस तर कुणाला कळणार? पण आईचा डोळा पेन्सिलच्या टोकाएवढा वर गेला की घरातलं शेंबडं पोर पण सांगतं, ही आई नाही. एवढं बारीक बघायची सवय तुला झाड लावणार नाही, चेहरा लावतो. तुझ्या परीक्षेत स्थिरचित्र होतं, स्मरणचित्र होतं, संकल्पचित्र होतं, चेहऱ्याचा वेगळा पेपर कुठं होता? म्हणून जमत नाही, हात वाईट आहे म्हणून नाही.

हान्स होल्बाइन नावाचा जर्मन चित्रकार होता, 1530 च्या दशकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारात. तो माणसाला समोर बसवून आधी कागदावर चेहरा उतरवायचा आणि नंतर त्या ड्रॉइंगवरनं पेंटिंग करायचा, कापड कुठलं नि रंग कुठला ते ड्रॉइंगवरच खरडून ठेवायचा. साधारण 80 ड्रॉइंग्ज आजही तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत, नेटवर मोठी करून बघ, आणि मला तरी त्याच्या पेंटिंगपेक्षा त्यातला माणूस जास्त जिवंत वाटतो. आपल्याकडचं बघायचं तर सावळाराम हळदणकरांची ती हातात दिवा घेतलेली बाई, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली. अख्खं वॉटरकलर आहे ते! उजेड दिव्याचा, त्यामुळं चेहऱ्यावरच्या सावल्या आपल्या रोजच्या सवयीच्या नाहीत. ड्रॉइंग पक्कं नसतं तर असा उजेड नुसत्या रंगाने पेलला असता का?

आता समोर बसणार कोण. कुणी बसायलाच नको, कामात आहेत तेच बरंय. माझी आजी विड्या वळायची, मांडीवर सूप, मान खाली. मी पुस्तकातला नियम लावला, डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यात, आणि आजी पासपोर्ट फोटोला बसल्यासारखी आली. मान खाली गेली की टाळू-कपाळच निम्म्याच्या वर जागा खातं, डोळे मध्याच्या खाली सरकतात, कान वर गेल्यासारखे दिसतात, नाकाचं टोक ओठाला टेकायला येतं, हे मला तिच्यासमोर आठ दिवस बसून कळलं. आणि दोरा गुंडाळताना ती खालचा ओठ किंचित आत घ्यायची. इतकी वर्षं एका घरात राहून मी ते बघितलं नव्हतं गं. ते सापडलं त्या दिवशी आजी कागदावर आली. आता ती नाही, तिचं एकही पेंटिंग माझ्याकडं नाही, त्या वहीतली अकरा स्केचेस तेवढी आहेत.

आई भाकरी थापत असेल तर तिथं बस. हलते ती, पण प्रत्येक भाकरीला मान परत त्याच जागी येते, तेवढ्यात बघून घ्यायचं. एका पानावर दोन चेहरे सुरू ठेव, मान इकडं असली की हा, तिकडं गेली की तो. वीस मिनिटं बास. 2बी नि 6बी पेन्सिल घे नाहीतर चारकोलची कांडी, आणि पुसायला पावाचा मऊ गर पण चालतो, रबर यायच्या आधी चित्रकार तेच वापरायचे. आणि डोळे-नाक लगेच काढू नको, आधी डोळे बारीक करून सावलीचा आकार अख्खा एक म्हणून बघ. पहिली पन्नास कुणाला दाखवू नको, मला पाठव.

प्रश्न : माझी मुलगी मोबाइलवरच्या फोटोवरून पोर्ट्रेट करते. हे चुकीचं आहे का? (एक पालक, पंढरपूर)

उत्तर : चुकीचं नाही, पण आठवड्यातनं दोन तरी समोरच्या माणसावरनं करू द्या. फोटो वापरायचाच तर जवळनं काढलेला नको, जवळनं नाक मोठं नि कान मागं गेलेले येतात आणि पोरगी तेच खरं समजून काढते. सहा-सात फूट लांब उभं राहून थोडं झूम करा, फ्लॅश बंद, माणूस खिडकीशेजारी, एका बाजूनं उजेड.